विनोद सांगून झाल्यावर

मला विनोद कळत नाही, यावर आमच्या घराचं एकमत आहे. मुलगा तसं म्हणतो, मुलगी फोनवरून तसं म्हणते, दुकानातली गिऱ्हाइकं म्हणतात, आणि आमचे नेहमीचे डॉक्टर तर मला बघितलं की आधी हसतात आणि मग नमस्कार करतात. मी शाळेत बाई होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या पोरांकडून पाढे घोकून घेण्यात गेला. माझ्या चेहऱ्याची इस्त्री झोपेतसुद्धा मोडत नाही, असं आमचे हे चारचौघांत सांगायचे. मला हाक मारायची ती 'हेडबाई' म्हणून. मी हेड कधीच नव्हते, पण सांगणार कुणाला.

ह्यांचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, दोन आरसे, भिंतीला लागून एक बाक. एका खुर्चीवर हे, दुसरीवर मुलगा. बाकावर बसलेल्यांपैकी निम्म्यांना केस कापायचे नसायचेच, नुसतं ह्यांचं बोलणं ऐकायला यायचे. गिऱ्हाइकाच्या गळ्यात कापड बांधलं की हे सुरू. वस्तरा गालावर आणि गोष्ट ऐन रंगात, त्यामुळे हसताही येत नाही आणि थांबवताही येत नाही, अशी त्या माणसाची पंचाईत करायची आणि त्याची मजा बघायची.

घरीही तेच. साखरेच्या बरणीत मीठ भरून ठेवायचं, हा तर ठरलेला कार्यक्रम. मी बरण्यांची जागा बदलली, झाकणांचे रंग बदलले, पण महिना-दोन महिन्यांत एखाद्या सकाळी माझा चहा खारट व्हायचाच. एकदा मी शाळेतून दमून आले तर हे दारातच आडवे. डोळे पांढरे, जीभ बाहेर. मी वह्यांचा गठ्ठा खाली ठेवला, आतून तांब्याभर पाणी आणलं आणि तोंडावर ओतलं. पडद्यामागे मुलं हसून लोळत होती. मरायचं सोंग ह्यांचं इतकं हातखंडा की दुकानातही कुणी नवखं गिऱ्हाईक आलं की हे कात्री हातात घेऊन खुर्चीशेजारी कोसळायचे.

आता जे सांगणार आहे ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. विनोद सांगून झाला की सगळे हसायचे, आणि हे हसणाऱ्यांकडे बघायचेच नाहीत. माझ्याकडे बघायचे. दुकानात मी नसले तर आरशातून गिऱ्हाइकाकडे, पण मी असले तर फक्त माझ्याकडे. मी रागावले की नाही, किती रागावले, ओठ किती आवळले, हे तपासून घेतल्याशिवाय त्यांचा विनोद पुरा होत नसे. मीही मुद्दाम तोंड पाडून बसायचे. विनोद मला आवडत नव्हते, अजिबात नाही. पण विनोदानंतरचं ते बघणं मला आवडायचं. ते मी कुणालाही सांगितलं नाही, आणि मला वाटतं, त्यांना सांगायची गरज नव्हती.

हवा बदलली तेव्हा गावभर लोक खोकत होते. ह्यांनाही कणकण आली. डोकं ठणकतंय म्हणाले. मी म्हटलं, पडून राहा. ऐकतील तर ते हे कसले. डोक्याला रुमाल बांधून दुकानात गेले. संध्याकाळी आले ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून नाक वर करून म्हणाले, "काय जळतंय?"

"काही नाही जळत."

"रबर जळल्यासारखं येतंय."

मी गॅस बघितला, वायरी बघितल्या, शेजारी विचारून आले. कुठे काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा नाक वर. मी चिडून म्हटलं, "आता पुरे झाली थट्टा." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. निघून गेले आणि पलंगावर बसले.

दुसऱ्या दिवशी मुलगा दुकानातून आला तो हसतच. चपला काढायच्या आधी सांगायला लागला. "आई, आज बाबांनी कहर केला. पोस्टमन आलेला. बाबांनी त्याचे एकाच बाजूचे केस कापले. फक्त उजवी बाजू. आणि कापड सोडून झटकलं, म्हणाले, या आता. पोस्टमन बसलेला तसाच! त्याला कळेना हसावं की रडावं. सगळं दुकान खाली पडायचं बाकी होतं. शेवटी डावी बाजू मी कापली."

"आणि बाबा?"

"बाबा काय? चेहऱ्यावरची माशी हलली नाही. म्हणून तर मजा!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते हात धूत होते. नळ बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा हात धुतले. अंगाला हात लावला तर चांगलंच तापलं होतं. जेवायला बसल्यावर ताटाकडे बघत म्हणाले, "आई जेवली का?" सासूबाईंना जाऊन मुलाच्या वयाएवढी वर्षं झाली. मुलगा म्हणाला, "हो, आजी जेवली, आता फिरायला गेलीये वर," आणि स्वतःच हसला. जेवण झाल्यावर हे उठले, वर्तमानपत्राची नीट घडी केली आणि फ्रीजमध्ये ठेवली.

"बातम्या फारच गरम होत्या वाटतं!" मुलगा म्हणाला. सूनही हसली. मुलीला फोन लावला, तिलाही सांगितलं, ती पलीकडून हसली. इतकी वर्षं ह्या घरात हसण्याची सवय लागलेली. हसणं कुठे थांबवायचं हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

मी म्हटलं, "ते विनोद करत नाहीयेत."

"आई," मुलगा म्हणाला, "तुला चाळीस वर्षांत त्यांचा एक विनोद कळला नाही. हा कसा कळणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी काय सांगणार होते? ते माझ्याकडे बघत नाहीत म्हणून ते आजारी आहेत, असं? मलाच ते मनातल्या मनात बोलून बघितल्यावर वेड्यासारखं वाटलं. तरी मी बोलले. मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उद्या डॉक्टरांकडे नेऊ. बास?"

डॉक्टर म्हणजे आमचे नेहमीचे. ह्यांचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने मित्र. त्यांच्या दवाखान्यात हे गेले की बाहेर थांबलेले पेशंट आधीच सरसावून बसायचे. आत गेल्यावर डॉक्टरांनी ताप बघितला, घशात बॅटरी मारली, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "काय राव, पोस्टमनचं ऐकलं मी! मला नका तसं सोडू." मग मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी दोन प्रश्न विचारले. "आज वार कोणता?"

"लग्नाचा," हे म्हणाले.

डॉक्टर हसले. मुलगा हसला. "बरं, मी कोण?"

ह्यांनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. "तुम्ही... केस कापता."

डॉक्टरांना हसता हसता ठसका लागला. दार उघडंच होतं, बाहेरचा बाक हसला. मी ह्यांचं तोंड बघत होते. तिथे काही नव्हतं. विनोद करणाऱ्या माणसाच्या तोंडावर, कितीही दाबलं तरी, काहीतरी असतं. मी म्हटलं, "डॉक्टर, हे बघत नाहीयेत माझ्याकडे. थट्टा केली की हे माझ्याकडे बघतात. काल परवापासून एकदाही बघितलं नाही. ह्यांना काहीतरी झालंय."

डॉक्टर गोळ्या लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "सगळीकडे तापाची साथ आहे वहिनी. विश्रांती द्या, भरपूर पाणी द्या. आणि एक औषध तुम्हाला. जरा हसत जा."

ते वाक्य मी विसरलेले नाही. विसरणारही नाही. त्या माणसाने त्या दिवशी आमच्या ह्यांना तपासलं नाही, ऐकून घेतलं. गाण्याच्या कार्यक्रमाला बसावं तसा बसला आणि टाळी देऊन उठला.

सकाळी हे उठेनात. म्हणजे उठले, पण बसल्या बसल्या डोळे मिटायला लागले. प्रश्न विचारला की उत्तर अर्ध्यावर सोडायचे. डोकं दोन्ही हातांत धरलेलं. मी मुलाला म्हटलं, मोठ्या हॉस्पिटलात नेऊ. तो दुकानाच्या किल्ल्या खिशात टाकत म्हणाला, "गोळ्या कालच सुरू झाल्यात आई. त्यांना वेळ तर दे. तू घाबरतेस आणि मग तेही घाबरतात." आणि गेला. पोरगा वाईट नाही. बापावर जीव आहे त्याचा. म्हणूनच त्याला तो बाप नेहमीसारखाच हवा होता.

मी कुणाची वाट बघितली नाही. टॅक्सी बोलावली, ह्यांना सदरा घातला, बटणं चुकली ती तशीच ठेवली, आणि निघाले.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एक लांब खोली, हिरवे पडदे आणि पडद्यांमधून येणारे कण्हण्याचे आवाज. खिडकीवरच्या बाईने वय विचारलं. हे म्हणाले, "दोन खुर्च्या." ती हसली, मागचा वॉर्डबॉय हसला. मला त्या क्षणी त्या दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. काय गुन्हा होता त्यांचा? काही नाही. माणसाला हसू येतं. पण माझा नवरा माझ्या डोळ्यांदेखत बुडत होता आणि काठावरचा प्रत्येक जण हसत होता.

जी डॉक्टर आली ती माझ्या शेवटच्या वर्गातल्या पोरींच्या वयाची. केस पिनेतून सुटलेले, डोळ्यांखाली काळं, गळ्यातली नळी वाकडी. तिने ह्यांना नाव विचारलं, ते त्यांनी बरोबर सांगितलं. पेन दाखवून हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ते हे... ते कापायचं." तिने माझ्याकडे बघितलं. "हे नेहमी असंच बोलतात का?"

नेमका तेव्हाच मुलाचा फोन आला. आम्ही घरी नाही हे सुनेकडून कळून तो निघालाच असणार, मागे रिक्षाची घरघर ऐकू येत होती. डॉक्टरने मागितला म्हणून मी फोन तिच्याकडे दिला. पलीकडून मुलाचा आवाज मला ऐकू येत होता. "हो हो डॉक्टर, आमचे बाबा असेच आहेत. पहिल्यापासून विनोदी. आईचं मनावर घेऊ नका."

तिने फोन परत दिला. मी म्हटलं, "खोटं आहे ते." आणि मग तिला सगळं सांगितलं. बघण्याचं सांगितलं. बोलताना माझा आवाज शाळेत लागायचा तसा लागला, कारण नाहीतर मी रडले असते. तिने लिहिणं थांबवलं.

"परत सांगा काकू. थट्टा केल्यावर काय करतात म्हणालात?"

"माझ्याकडे बघतात. आता नाही बघत. थट्टा करतायत असं त्यांना माहीतच नाहीये."

ती हसली नाही. इतक्या दिवसांत न हसलेली ती पहिली व्यक्ती. तिने ह्यांच्या डोक्याखाली हात घालून मान पुढे वाकवून बघितली, डोळ्यांत उजेड टाकला तसे हे वैतागून वळले. मग तिने मला विचारलं, "कसला वास येतो असं म्हणाले का? नसलेला वास?"

"रबर जळल्याचा," मी म्हटलं, आणि खाटेचा कठडा धरला. कारण तिने तो प्रश्न हवेत विचारला नव्हता. उत्तर तिला आधीच ठाऊक होतं.

ती नर्सला काही सांगायला वळली आणि त्याच वेळी ह्यांच्या ओठांचा कोपरा उडायला लागला. मग गाल. मग हात. मग सगळं अंग ताठ झालं आणि खाट हादरायला लागली. डोळे पांढरे, जीभ दातांत. लोक धावले, कुणी त्यांना कुशीवर वळवलं, कुणी इंजेक्शन भरलं. मुलगा त्याच वेळी पडदा बाजूला करून आत आला. दुकान तसंच टाकून आला होता, अंगावर केसांचे तुकडे होते. त्याने बापाला बघितलं, आणि त्याच्या तोंडावर हसण्याची ती सवयीची रेघ उमटली.

"बाबा, पुरे आता," तो म्हणाला. "लोकं घाबरतात. उठा."

नर्सने त्याला हाताने मागे सारलं. मग त्याला कळलं. त्याचा चेहरा मी बघितला नाही, मला बघायचा नव्हता.

झटका थांबल्यावर डॉक्टर आम्हाला पडद्याबाहेर घेऊन आली. तिने साध्या शब्दांत सांगितलं. मेंदूवरच्या आवरणांना संसर्ग होतो तसा खुद्द मेंदूलाही होतो. ताप, डोकेदुखी, आणि माणूस स्वतःसारखा वागेनासा होणं, भलतंच बोलणं, नसलेले वास येणं. तिला संशय होता तो विषाणूचा, आणि त्यावर औषध आहे. "पण ते आत्ता सुरू करायचं. रिपोर्टसाठी थांबायचं नाही. रिपोर्ट येईपर्यंत जो भाग जातो तो परत येत नाही. जंतूंचंही औषध बरोबर देणार, ते नाहीत हे कळेपर्यंत. आणि मणक्यातलं पाणी काढून तपासायचं."

मुलगा एकदम जागा झाला. "पाठीतलं पाणी? नको. त्याने माणूस लुळा पडतो. आमच्या शेजारी एकाचं झालंय."

"सुई जिथे टोचतो तिथपर्यंत मज्जारज्जू येतच नाही. त्याच्या खाली टोचतो."

"आधी स्कॅन करा."

स्कॅन केलं. त्यात काही दिसलं नाही. मुलाचा जीव भांड्यात पडला. "बघा, नॉर्मल आहे! आता कशाला सुया टोचायच्या?" आणि त्याने आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी काय सल्ला दिला ते मला ऐकू आलं नाही, पण मुलगा फोन ठेवून म्हणाला, "ते म्हणतात एक दिवस वाट बघा, लगेच पाणी वगैरे नका काढू."

"सुरुवातीला स्कॅनमध्ये दिसत नाही," ती पोरगी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता पण ती जागची हलली नाही. "म्हणून तर पाणी."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती मला त्या दिवशी कळली. मी मुलाला म्हटलं, "तुझे डॉक्टर हसून घेतील एक दिवस. आपण थांबायचं नाही." आणि डॉक्टरला म्हटलं, "काढा पाणी. सही मी करते. बायको मी आहे."

ह्यांना कुशीवर निजवून गुडघे पोटाशी घेतले. मी डोक्याशी उभी राहिले, त्यांचे हात धरून. केस कापणाऱ्या माणसाचे हात, बोटांवर कात्रीने पडलेले घट्टे. पाण्याचे थेंब बाटलीत पडले ते स्वच्छ होते, पाण्यासारखेच. एवढ्या स्वच्छ गोष्टीत एवढं काय असणार, असं मला वाटलं. सलाईनमधून औषध आधीच सुरू झालेलं होतं.

त्या पाण्यात तो विषाणू होता. ओठाच्या कडेला बारीक फोड उठतात ना, ना गोवर ना कांजिण्या, नुसते तापात येणारे, त्या जातीचा. असंख्य लोकांच्या अंगात निजून असतो. आमच्या ह्यांच्या मेंदूत तो का शिरला, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. पुढच्या स्कॅनमध्ये, मोठ्या मशीनमधल्या, कानाच्या वरचा भाग पांढरा दिसत होता. डॉक्टरने तिथे बोट ठेवलं. आठवणी आणि शब्द, म्हणाली.

आठ-आठ तासांनी औषध, कित्येक दिवस. मी खुर्चीत बसायचे. मुलगा यायचा, खाटेच्या पायाशी उभा राहायचा, आणि बापाच्या पायावरची चादर सारखी करत राहायचा. एकदा मी डॉक्टरला गाठून विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

तिला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "जितकं लवकर तितकं जास्त वाचतं. पण तुम्ही आणलंत म्हणून ते आहेत, काकू." पहिलं वाक्य मी घरी घेऊन आले. दुसऱ्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

हे वाचले. चालतात, जेवतात, स्वतःच्या हाताने आंघोळ करतात. मला ओळखतात, मुलांना ओळखतात, आमच्या लग्नाला पाऊस कसा पडला ते सांगतात. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही. घटकाभरापूर्वी कोण येऊन गेलं ते सांगता येत नाही. जुनं सगळं जागच्या जागी, नवीन काही टिकत नाही. वस्तरा त्यांच्या हातात कुणी देत नाही. दुकानात जातात आणि बाकावर बसतात, जिथे पूर्वी गिऱ्हाइकं बसायची.

आणि विनोद सांगतात. तेच सगळ्यात वाईट. जुने विनोद सगळे पाठ आहेत. पोस्टमन म्हणतो, "होऊन जाऊ दे तो रेड्याचा," आणि हे सांगतात, अक्षर न चुकता. सगळे हसतात. थोड्या वेळाने स्वतःहून पुन्हा तोच सांगतात, आणि लोक पुन्हा हसतात, चांगुलपणा म्हणून. मुलगा मला म्हणतो, "बघ, बाबा पहिल्यासारखे झाले." तो हे म्हणताना त्याच्या डोळ्यांत इतकी आशा असते की मी मूग गिळून गप्प बसते.

एक दिवस मी ह्यांना जेवायला न्यायला दुकानात गेले तर आमचे डॉक्टर खुर्चीत होते. गळ्यापर्यंत पांढरं कापड, फक्त डोकं बाहेर. ह्यांचा विनोद नुकताच संपला होता. डॉक्टर आरशातून मला म्हणाले, "झाले की नाही ठणठणीत? उगाच धीर सोडत होतात वहिनी."

मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. मुलाची कात्री थांबली.

"तुम्ही मला हसायला सांगितलं होतंत," मी म्हटलं. "औषध म्हणून. आठवतं?"

त्यांना आठवलं. कापडाखाली हात हलले, पण बाहेर काढता येईनात.

"हसू का आता? सांगा. मोठ्याने हसू की हळू?"

आरशात त्यांनी नजर खाली घातली. अर्धे केस कापलेले, अर्धे तसेच. मला वाटलं होतं की हे बोलून मला बरं वाटेल. काही वाटलं नाही. बाकावरून ह्यांनी रेड्याचा विनोद पुन्हा सुरू केला.

मी तिथेच थांबून शेवटपर्यंत ऐकला. आणि बघत राहिले. विनोद संपला. बाकावरची माणसं कशीबशी हसली. हे समोरच्या नळाकडे बघत होते. मी पाच पावलांवर उभी होते, तोंड पाडून, ओठ आवळून, अगदी त्यांना हवी तशी. त्यांनी मान वळवली नाही.

परवा सकाळी मी चहा केला. सून बाहेर गेली होती, मुलगा दुकानात. मी ओट्याशी उभी राहिले आणि मिठाची बरणी काढली. चाळीस वर्षं ज्या गोष्टीवरून मी घर डोक्यावर घेतलं, ती मी स्वतःच्या हाताने केली. दोन चमचे मीठ. चांगलं ढवळलं. कप त्यांच्यासमोर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसले. माझं काळीज पहिल्यांदा वर्गावर गेले होते तेव्हासारखं धडधडत होतं. वाटत होतं, पहिला घोट घेतील, थांबतील, कप खाली ठेवतील, आणि वर बघतील. माझ्याकडे. हेडबाई, तुम्ही? म्हणतील. मग मी काय करायचं तेही ठरवून ठेवलं होतं. मी हसणार होते.

त्यांनी घोट घेतला. तोंड जरासं आक्रसलं, आणि माझे हात टेबलाच्या कडेला घट्ट झाले. मग त्यांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. खिडकीकडे बघत, सावकाश, शिस्तीने सगळा कप संपवला आणि मिशी पुसली.

"कसा झाला होता?" मी विचारलं.

"छान," ते खिडकीकडेच बघत म्हणाले.

मी जन्मात एकच विनोद केला, आणि तो ज्याला कळला असता असा एकच माणूस होता.

"अजून घेणार?"

"दे अर्धा कप."

मी उठले. कप विसळला आणि दुसरा चहा टाकला, साखर घालून.